इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे आयटीआय ट्रेड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. दहावीचा निकाल लागला की आमच्या वर्कशॉपच्या दारात आईवडील आणि मुलं येऊन उभी राहतात. दरवर्षी प्रश्न साधारण तेच असतात. उत्तरं मात्र दहा वर्षांपूर्वी द्यायचो ती आता चालत नाहीत, म्हणून हे एकदा लिहून काढलं.

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक म्हणजे टीव्ही दुरुस्तीच ना? आता टीव्ही दुरुस्त करतं कोण?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बसस्टँडजवळचं ते जुनं दुकान असतं: बाहेर उघडे पडलेले टीव्ही, आत स्टुलावर बसलेला मेकॅनिक आणि रोझिनच्या धुराचा वास. त्या काळात पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत बिघडण्यासारखं खूप होतं. एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर जायचा, बीयू ५०८ ट्रान्झिस्टर उडायचा, पाऊस सुरू झाला की ट्यूनर रुसायचा. एकेका सुट्या भागावर घरं चालली.

आजच्या एलईडी टीव्हीत एक पॅनेल, एक मेन बोर्ड, एक पॉवर सप्लाय आणि आतल्या दिव्यांच्या पट्ट्या असतात. दिव्यांची पट्टी किंवा पॉवर सप्लाय गेला तर काम होतं. पॅनेल फुटलं तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो आणि गिऱ्हाईक हात जोडून निघून जातं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलतात. नुसत्या टीव्हीवर पोट भरायचं असेल तर हा ट्रेड घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

पण ट्रेडचं नाव टीव्ही मेकॅनिक नाही. लिफ्टचा कंट्रोल पॅनेल, सोलर इन्व्हर्टर, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर, कारखान्यातल्या मोटरचा वेग सांभाळणारा एसी ड्राइव्ह, दवाखान्यातला मॉनिटर, सोसायटीतले सीसीटीव्ही या सगळ्यांच्या पोटात तेच डायोड, तेच कपॅसिटर आणि तोच पॉवर सप्लाय असतो. दुकानातलं काम आटलं आणि कारखान्यातलं व साइटवरचं वाढलं, एवढाच फरक झाला.

मग नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत?

सगळ्यात मोठी उडी मोबाईलच्या उत्पादनात आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशात १८,९०० कोटी रुपयांचे मोबाईल बनत होते. २०२३-२४ मध्ये हाच आकडा ४ लाख २२ हजार कोटींवर गेला. २०२० मध्ये आलेल्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेचा यात मोठा हात आहे. सुटे भागही इथेच बनावेत म्हणून मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली.

आता आपल्याकडच्या मुलांना न आवडणारी गोष्ट. या जोडणीचे मोठे कारखाने मुख्यतः तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर आणि होसूरच्या पट्ट्यात, कर्नाटकात आणि दिल्लीजवळ नोएडात आहेत. चिपच्या नव्या प्रकल्पांपैकी गाजलेले साणंद, धोलेरा आणि आसामातल्या जागीरोडला आहेत. आपल्याकडे रांजणगाव एमआयडीसीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनचे कारखाने आहेत आणि तिथेच तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरला २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. चाकणला गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स, नाशिकच्या सातपूर-अंबडला विजेचे पॅनेल आणि स्विचगिअर. म्हणजे महाराष्ट्रात काम आहे, पण मोबाईलचं कमी आणि गाड्यांचं, घरगुती उपकरणांचं, पॅनेलचं जास्त. मुलाखतीला जाताना मोबाईल उघडून दाखवण्यापेक्षा कंट्रोल वायरिंग वाचता येणं इथे जास्त उपयोगी पडतं.

कारखान्यात आम्हाला नक्की काय करावं लागतं?

तुम्ही कोणत्या टेबलावर बसता यावर सगळं अवलंबून. लाइनवरचा ऑपरेटर तासन्‌तास एकच क्रिया करतो: चार स्क्रू, एक कनेक्टर, पुढे ढकल. त्याला दोन वर्षांच्या आयटीआयची फारशी गरज नसते, बारावी झालेली मुलंही तेच करतात. टेस्टिंगला बसलात तर नापास बोर्ड बाजूला काढून तो का नापास झाला हे नोंदवता. रीवर्कला बसलात तर ते बोर्ड जिवंत करता. मेंटेनन्सला गेलात तर पार्ट बसवणारं यंत्र बंद पडलं की तुमच्या नावाने हाका. शेवटच्या तिन्ही जागांवर आयटीआयचं शिक्षण कामी येतं आणि बढतीही तिथूनच सुरू होते. ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आधी हे विचारा: टेबल कोणतं?

आणि पगार विचाराल तेव्हा कागदावरचा आकडा विचारू नका. खोली, जेवण आणि बस कापून हातात किती येतात आणि नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराच्या, हे विचारा.

मुलीला हा ट्रेड झेपेल का? आणि परराज्यात पाठवायचं म्हणजे...

झेपेल का, हा प्रश्न मला आता ऐकवत नाही. अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी, आणि तिथल्या जोडणीच्या टेबलांवर पहिल्यापासून मुलीच मोठ्या संख्येने होत्या. आज तमिळनाडूतल्या फोनच्या कारखान्यांतही लाइनवर मुलीच जास्त आहेत. शासकीय आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, पण आमच्या ट्रेडला त्या कधीकधी भरतही नाहीत.

परराज्यात पाठवण्याचा निर्णय घरचा आहे, त्यात मी पडत नाही. मात्र पाठवायचंच असेल तर हॉस्टेल कुणाचं, कंपनीचं की एजंटचं, एका खोलीत किती जणी, रात्रपाळी सुटल्यावर बस कुठपर्यंत, एवढं लेखी मागा. शक्य असेल तर तिथे आधीपासून असलेल्या आपल्याकडच्या एखाद्या मुलीशी फोनवर बोला. माहितीपत्रकात नसतं ते ती दोन मिनिटांत सांगते.

दोन वर्षं वर्गात होतं तरी काय?

वर्ष १२०० तासांचं असतं, त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. शिवाय दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा प्रकल्पावर घालवायचे. पहिले दोन महिने मुलं वैतागतात, कारण नुसतं तारा सोलायच्या आणि सोल्डरिंग करायचं. डाग चकचकीत आणि उतरता यायला हवा, गोळा झाला की परत काढा.

गेल्या वर्षीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने घरून बंद पडलेला सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर आणला. उघडला, फ्यूज उडालेला दिसला. म्हणाली, "सर, फ्यूज बदलते." म्हटलं, बदल, पण आधी सिरीज बल्ब लाव. साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बातून जाऊनच ॲडॅप्टरला पोचेल असा, घेऊन तिने नवा फ्यूज टाकला आणि बटण दाबलं. बल्ब फटकन पेटला आणि पेटलेलाच राहिला. म्हणजे आत शॉर्ट. बल्ब नसता तर दुसरा फ्यूजही गेला असता.

मग तिने प्लग काढला आणि लगेच मीटर लावायला गेली. मी हात धरला. आपल्या घरची २३० व्होल्ट एसी त्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन बसते आणि बोर्डात भार घेणारं काही नसेल तर प्लग काढल्यावरही रेंगाळते. आधी तो कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केला. नंतर मीटर बझरवर ठेवून चार डायोड तपासले, तिसऱ्यावर दोन्ही बाजूंनी बीप, म्हणजे शॉर्ट तोच. दोनेक रुपयांचा तो वन एन ४००७ डायोड बदलला. पुन्हा बल्ब: क्षणभर लुकलुकला आणि विझला. ती एकदम ओरडली, तेव्हा शेजारच्या जोडारीच्या वर्कशॉपमधून लोक बघायला आले.

हे मोबाईलवरच्या व्हिडिओतून शिकता येतं का? बघता येतं. बल्ब कधी लावायचा हे सुचायला मात्र दहा-वीस वेळा स्वतःचा फ्यूज उडावा लागतो.

आता सगळे पार्ट एवढे बारीक झालेत, हाताने सोल्डरिंग शिकून उपयोग काय?

खरं आहे, आजच्या बोर्डावर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद पार्ट असतात. ते यंत्र बसवतं. पण यंत्राने चुकीचा बसवलेला पार्ट काढायला माणूसच लागतो, हातात हॉट एअर आणि डोळ्यांसमोर मायक्रोस्कोप घेऊन. निर्यातीच्या मालात शिसंविरहित सोल्डर चालतं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आमच्या वर्कशॉपमधलं शिसं-कथिलाचं १८३ ला. चौतीस अंशांचा हा फरक ज्याच्या हाताला कळत नाही, तो पहिल्याच दिवशी बोर्डावरची कॉपरची पट्टी उचकटून बसतो. म्हणून शेवटच्या सहामाहीत सोल्डरच्या दोन्ही तारा वापरून घ्या. शिसंविरहित तार संस्थेत नसली तर पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला छोटं रीळ मिळतं.

कोपा घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक?

कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. एका वर्षाचा ट्रेड, दहावीनंतर. ऑफिसचं काम, एक्सेल, टायपिंग, थोडं वेब, थोडं प्रोग्रॅमिंग. नावात प्रोग्रॅमिंग आहे म्हणून मुलगा हिंजवडीत जाऊन बसेल असं कुणी समजू नये. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दोन वर्षांचा आणि दहावीला गणित-विज्ञान लागतं.

मी मुलांना एकच विचारतो: घरातली बंद वस्तू उघडून बघितली आहे का? उघडून परत जोडताना एक स्क्रू उरला असेल तर इकडे या. उघडायची इच्छाच झाली नसेल तर कोपा बरी.

कोपा आणि एमएस-सीआयटी एकच आहे का?

नाही. एमएस-सीआयटी हा एमकेसीएल या संस्थेचा काही महिन्यांचा संगणक साक्षरतेचा कोर्स आहे. सरकारी नोकरीच्या अटीत तो विचारतात म्हणून घराघरात त्याचं नाव माहीत आहे. कोपा हा राष्ट्रीय प्रमाणपत्राचा ट्रेड आहे आणि त्यावर शिकाऊ उमेदवारी मिळते. महावितरणच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती पाहा: वीजतंत्री, तारतंत्री आणि शेजारी कोपा.

एआयमुळे कोपा बुडाली का?

नुसती डेटा एन्ट्री बुडत चालली आहे, हे खरं. बिलावरचे आकडे बघून एक्सेलमध्ये टाकायचे, या कामाला आता माणूस कमी लागतो. पण तालुक्याच्या गावात दवाखाना, पतसंस्था, बाजार समिती, सीएचं ऑफिस यांना लागतो तो वेगळाच माणूस: प्रिंटर चालू करणारा, टॅलीत चुकलेली नोंद शोधणारा, पोर्टल अडकलं की दुसरी वाट काढणारा आणि साहेबांचा पासवर्ड लक्षात ठेवणारा. कोपाच्या मुलांनी एक्सेल पक्कं करावं, एआयला नीट प्रश्न विचारायला शिकावं आणि आलेलं उत्तर तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. त्यासोबत नेटवर्किंग किंवा टॅली यातलं एक जोडावं. नुसत्या कोपावर अडून बसलेली मुलं मला दरवर्षी भेटतात.

बाकीच्या ट्रेडची नावं कळत नाहीत. काही सांगाल?

आयसीटीएसएम हा कॉम्प्युटर आणि नेटवर्कच्या देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. हार्डवेअर आवडत असेल आणि तो जवळ मिळत असेल तर कोपापेक्षा मला तो सरस वाटतो. मेकॅट्रॉनिक्स टेक्निशियन कारखान्यातल्या ऑटोमेशनसाठी. आयओटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं), ड्रोन ही नवी नावं ठिकठिकाणी निघाली आहेत. प्रवेश घेण्याआधी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं खोक्यातून बाहेर काढली आहेत का, एवढं बघून या.

प्रवेश कसा होतो? वयाची अट?

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज, मग गुणवत्ता यादीच्या फेऱ्या. किमान वय १४, कमाल मर्यादा नाही. आमच्या संस्थेत एकदा बाप आणि मुलगा वेगवेगळ्या ट्रेडला होते. ऑप्शन भरताना पहिल्या पसंतीला टाकलेलं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून मित्राचं बघून क्रम लावू नका.

शिकाऊ उमेदवारी करावी की थेट नोकरी?

करावी. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आयटीआय झाल्यावर मिळतं ते एनटीसी, म्हणजे ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करून परीक्षा पास झालात की एनएसी, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. जाहिरातीत कित्येकदा एनएसीवाल्याला झुकतं माप असतं. ही पद्धत १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातून आली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही उपकार मागायला जात नाही.

त्याच नियमांत आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढ सुचवली, तेव्हा सही करण्याआधी चालू दर शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर पाहून घ्या. यातला १,५०० रुपयांपर्यंतचा सरकारी वाटा थेट तुमच्या बँक खात्यात येतो, म्हणून आधार आणि खातं जोडलेलं असू द्या. या एका कारणाने पैसे अडकलेली मुलं दर महिन्याला माझ्याकडे येतात.

आता दुसरी बाजू. कायद्याने तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, कामगार नाही. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. पण कामावर अपघात झाला तर भरपाईचा हक्क आहे आणि सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. माझ्या एका बॅचची पाच मुलं एका कारखान्यात गेली होती. सात महिने खोक्यांना लेबल चिकटवत होती. मीटर हातात धरला नाही आणि परीक्षेत तिघं नापास झाली. त्यांनी मला दिवाळीत सांगितलं, तोवर उशीर झाला होता. म्हणून पहिल्याच महिन्यात बघा: लॉगबुकात कामाची नोंद होते का, दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो का? नसेल तर शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात लेखी अर्ज द्या. करार पोर्टलवर नोंदलेलाच नसेल तर ते वर्ष एनएसीसाठी वाया जातं, हे आधी तपासा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणजे हेच का?

नाही. ती राज्याची २०२४ ची योजना. सुरुवातीला सहा महिन्यांची, आयटीआय झालेल्याला महिना ८,००० रुपये. रक्कम जास्त दिसते म्हणून मुलं तिकडे वळली, पण त्यातून एनएसी मिळत नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत सहा महिने बसून इलेक्ट्रॉनिक्सचा हात बसत नाही.

आयटीआयनंतर डिप्लोमा करता येतो?

येतो. दोन वर्षांचा ट्रेड झाला असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. प्रात्यक्षिकात आपली मुलं डिप्लोमावाल्यांना ऐकत नाहीत, गणितात मात्र पहिली सहामाही नाकात दम आणते. सुट्टीत लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती घोटून जा.

सरकारी नोकरी?

रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक चालतो. ओझरचं एचएएल आणि इतर संरक्षण आस्थापना शिकाऊ उमेदवार घेतात. अर्ज जरूर करा, पण निकालाची वाट बघत घरी बसू नका. तीन वर्षं मीटरला हात न लावलेल्या माणसाला मुलाखतीत दहा मिनिटांत ओळखता येतं.

पंधरा दिवसांचा मोबाईल रिपेअरिंगचा क्लास कसा?

आयटीआयनंतर चांगला, आयटीआयऐवजी वाईट. डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग जॅक बदलणं पंधरा दिवसांत येतं, आणि त्यासाठी चौकात आधीच चार टपऱ्या असतात. बोर्डावर शॉर्ट शोधणं ज्याला येतं, त्याच्याकडे त्या चारही टपऱ्या आपली कामं पाठवतात. फी भरण्याआधी क्लासवाल्याला म्हणा, पाण्यात पडलेला फोन माझ्यासमोर चालू करून दाखवा.

माझं दुकान आहे, वय ३८. आता काय शिकू?

सोलर इन्व्हर्टर आणि इलेक्ट्रिक दुचाकीचा चार्जर. दोन्हींत पॉवर सप्लायच आहे, तुम्हाला निम्मं येतंच. २०२४ पासून सूर्यघर योजनेत घरांच्या छपरांवर पॅनेल चढताहेत. बसवणारे पुष्कळ दिसतात, पण दोन वर्षांनी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला की कुणाला बोलवायचं हे घरमालकाला ठाऊक नसतं. बॅटरी पॅकच्या वाटेला मात्र नीट शिकल्याशिवाय जाऊ नका. लिथियमचा सेल फुगून पेटला की तो विझवणं तुमच्या दुकानातल्या बादलीचं काम नाही.

इंग्रजी कच्चं आहे, चालेल?

चालेल. निमी या सरकारी संस्थेची ट्रेडची पुस्तकं मराठीत मिळतात. डेटाशीट, म्हणजे पार्टची माहिती देणारा कंपनीचा कागद, मात्र इंग्रजीतच असते. तिच्यातले तीसेक शब्द पाठ झाले की काम भागतं.

पहिल्या दिवशी काय आणू?

वही, पेन आणि डबा. मीटर संस्थेचा असतो, पण महिन्याभरात स्वतःचा साधा डिजिटल मीटर घ्या, पिनांना रबर चढवलेला. सुती शर्ट घाला, नायलॉनचा नको. हातातलं कडं आणि अंगठी घरी ठेवा. आणि चप्पल घालून येऊ नका. वितळलेल्या सोल्डरचा थेंब नेमका अंगठ्याशेजारच्या बोटावर पडतो. माझ्या बोटावर १९९७ चा डाग अजून आहे.